गिल्मोरचा 'लक अँड स्ट्रेंज' : १९७३ नंतरचं सगळ्यात चांगलं काम? खरंच?

फेंडरबुवा

मंडळी, पिंक फ्लॉइड बँडचा गिटारवाला आणि गायक डेव्हिड गिल्मोर, त्याचा 'लक अँड स्ट्रेंज' हा सोलो अल्बम ६ सप्टेंबर २०२४ ला आला तेव्हा ऐकला होता, मग मधे सुटला, आणि आता त्याच्या रोमच्या कॉन्सर्टची फिल्म आल्यावर परत लागोपाठ ऐकतोय. तो स्वतः मुलाखतींमधून सांगत होता की १९७३ च्या 'डार्क साइड ऑफ द मून'नंतर आपण केलेलं हे सगळ्यात चांगलं काम आहे. आता शेंडेफळ सगळ्यांनाच लाडकं असतं हे मान्य, अल्बम बाजारात आणायचा म्हणजे चार शब्द चढवून बोलावंच लागतं हेही मान्य, पण मधे 'विश यू वेअर हिअर' आहे, 'अ‍ॅनिमल्स' आहे, 'द वॉल' आहे, आणि हा माणूस ते सगळं ओलांडून सरळ इथे येतो.

माझं मत सांगतो. फ्लॉइडच्या त्या अल्बमांच्या वर हा नाही. पण त्याच्या आधीच्या चारही सोलो अल्बमांपेक्षा (१९७८, १९८४, २००६, २०१५) हा नक्की वरचढ आहे, आणि त्याचं कारण मला असं वाटतं की या खेपेला त्याने स्वतःच्या नावाची राखण करणं सोडून दिलं. आधीच्या दोन अल्बमांना फिल मॅन्झानेरा सोबत होता, जुना दोस्त, जुना काळ, त्यामुळे सगळं कसं मऊ मऊ. या वेळी त्याने चार्ली अँड्र्यूला घेतलं, ऑल्ट-जे बँडचा प्रोड्यूसर, वयाने खूपच लहान, आणि त्याच्यावर फ्लॉइडचं काडीचं दडपण नाही. गिल्मोरनेच सांगितलंय की हा पोरगा डेमो ऐकून सरळ विचारायचा, इथे गिटार सोलो कशाला हवा, आणि सगळी गाणी फेड होऊनच का संपतात. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी असं विचारणारा माणूस स्वतःहून स्टुडिओत आणून बसवायचा, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

तर प्रश्न असा : फ्लॉइड बाजूला ठेवून हा अल्बम तुम्हाला ऐकता येतो का? आणि ऐकता आला तर कसा वाटला?

मिनीमाऊ

वा बुवा, धागा आवडला. वाचतेय. मी फक्त त्याच्या मुलीचं, रोमनीचं गाणं ऐकलंय आणि ते भयंकर आवडलंय.

तिरकिट

माझा विरोधी सूर नोंदवून ठेवा. मला कंटाळा आला. सगळी गाणी त्याच एका मध्यम लयीत, सगळीकडे मरण, म्हातारपण, आठवणी. आवाज बारीक झालाय, वरच्या पट्टीत जायचं टाळतो ते कळतं. गिटार वाजली की बरं वाटतं पण ती यायला वाट बघावी लागते. बुवा म्हणतात तसं त्या प्रोड्यूसरने सोलो कशाला हवा असं विचारलं असेल तर मी त्याला उत्तर देतो : आम्ही त्यासाठीच आलोय रे बाबा.

नेरूळकर

तिरकिट, अगदी मनातलं बोललात.

ध्वनिवेडा

तिरकिटराव, तुम्ही शेवटचं 'स्कॅटर्ड' ऐकलंत का नीट? पियानोवर सुरुवात, खाली हृदयाच्या ठोक्यासारखा एक ठेका चालू, मग ऑर्केस्ट्रा असा चढत जातो की आता गाणं फुटणार असं वाटतं आणि तिथे तो आधी अकूस्टिक गिटारवर सोलो सुरू करतो. अकूस्टिक! कोणालाही वाटेल आता इलेक्ट्रिक येणार, तर हा आपला तारांवर बोटं घासल्याचा आवाज ऐकवत शांतपणे वाजवतोय. आणि मग इलेक्ट्रिक येते ती थांबतच नाही. सोलो कशाला हवा या प्रश्नाचा फायदा इथे दिसतो. सगळीकडे थोडं थोडं वाटून टाकण्यापेक्षा एका जागी पूर्ण भरून दिलंय.

तिरकिट

'स्कॅटर्ड' चांगलं आहे, ते मी नाकारत नाही. एका गाण्यावर अल्बम तरत नाही एवढंच म्हणणं आहे.

बंडूकाका

सर्वांना नमस्कार. मी इथे जास्त लिहीत नाही, पण गिल्मोरचं नाव बघितलं आणि राहवलं नाही. मी १९४९ चा, म्हणजे तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा (६ मार्च १९४६, केंब्रिज). आमच्या कॉलेजच्या काळात हे संगीत ऐकायचं म्हणजे कोणाचा तरी भाऊ परदेशातून रेकॉर्ड आणणार, मग ती टेपवर उतरवून घ्यायची, मग त्या टेपवरून पुढची टेप, आणि आपल्यापर्यंत येईपर्यंत अर्धा खरखराट. मुंबईला गेलो की काळा घोड्याच्या र्‍हिदम हाऊसमध्ये जाऊन नुसती कव्हरं बघत उभं राहायचं. ते दुकानही २०१६ साली बंद झालं.

तिरकिट म्हणतात सगळीकडे मरण आणि म्हातारपण. अहो, तेच तर ऐकायचं आहे. आमच्या वयाच्या माणसाला कोणी आमच्या वयाचं गाणं देतच नाही. एक तर पंचविशीतल्या प्रेमाची गाणी, नाहीतर एकदम भजनं. मधलं काही नाही. रात्री शेजारी झोपलेल्या बायकोकडे बघून मनात काय येतं, आपल्यापैकी आधी कोण जाणार, यावर विचार करणारं रॉक संगीत मला हवं आहे. पॉली सॅमसन, त्याची बायको, कादंबरीकार आहे, गाणी बहुतेक तिनेच लिहिली आहेत. लॉकडाऊनमध्ये घरात बसून दोघांचं या विषयावर बोलणं व्हायचं आणि त्यातून यातलं बरंच आलं, असं दोघांनी सांगितलं आहे. ते खरं वाटतं ऐकताना.

मिनीमाऊ

काका, किती सुंदर लिहिलंत. लिहीत जा ना इथे.

फेंडरबुवा

काका, मनापासून आभार. शीर्षकगीतात तोच धागा आहे, युद्धानंतर जन्मलेल्या पिढीचं नशीब. महायुद्ध संपलेलं, शिक्षण फुकट, नोकर्‍या आहेत, पुढे सगळं चांगलंच होत जाणार असं वाटायचे दिवस. आणि आता मागे वळून बघताना तो विचारतोय की तो काळ हाच नियम होता की मधेच आलेला एक अपवाद.

सदाशिव_पेठी

पॉली सॅमसनबद्दल जरा लिहू का. 'द डिव्हिजन बेल' (१९९४) पासून ती त्याच्यासाठी लिहितेय आणि तेव्हापासून जगभरचे फ्लॉइडवाले तिला नावं ठेवतायत. बायको बँडमध्ये आली वगैरे. पण गिल्मोर हा मुळात शब्दांचा माणूस नाही, त्याचं बोलणं सगळं बोटांत. आधी फ्लॉइडमधला रॉजर वॉटर्स होता शब्द लिहायला, वॉटर्स गेल्यावर शब्द कोण लिहिणार हा मोठाच प्रश्न होता. तिने तो सोडवला. वॉटर्ससारखी धार तिच्या लिहिण्यात नाही, पण या अल्बममधे ती पहिल्यांदा नवर्‍यासाठी न लिहिता नवर्‍याबरोबर लिहितेय असं मला वाटलं. 'डार्क अँड वेल्वेट नाइट्स' ही मुळात तिने लग्नाच्या वाढदिवसाला दिलेली कविता, आणि त्याने तिला चाल लावली ती बघा कशी, एकदम दणक्यात, ऑर्गन आणि ताठ रिफ. बायकोच्या कवितेला कोणी इतकी दणदणीत चाल लावेल असं वाटत नाही.

लंडनची_मावशी

मी ऑक्टोबर २०२४ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलला होते! लेकाने तिकीट काढून दिलं, नाहीतर माझी काही छाती झाली नसती त्या किमतीला. हॉल गोल, त्यामुळे वरून सुद्धा माणूस जवळ वाटतो. सुरुवात '५ एएम'ने, मग लगेच 'ब्लॅक कॅट' आणि 'लक अँड स्ट्रेंज', म्हणजे अल्बम सुरू होतो त्याच क्रमाने, आणि मग एकदम 'ब्रीद' आणि 'टाइम'. माझ्या शेजारी एक जोडपं होतं, साधारण माझ्याच वयाचं, 'टाइम'चे घड्याळाचे टोल सुरू झाले तसा त्या गृहस्थांनी बायकोचा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

'द ग्रेट गिग इन द स्काय' वेगळ्याच तर्‍हेने केलं. मूळ गाण्यात एकटी बाई आकांत करते ना, इथे चौघीजणी एकत्र, लुईस मार्शल पियानोवर, दोघी वेब बहिणी आणि रोमनी, आणि आवाज एकमेकींत मिसळून हळूहळू वर नेला. मला रडू आलं. काही लोक म्हणाले मूळचीच मजा होती. मला तसं वाटलं नाही.

मिनीमाऊ

मावशी, आता मत्सर होतोय. रोमनी लाइव्ह कशी गाते?

लंडनची_मावशी

अगं, अजिबात घाबरत नाही. हार्प वाजवते आणि गाते. 'बिटवीन टू पॉइंट्स' तिचंच. बाप मागे उभा राहून गिटार वाजवतो आणि मधेच तिच्याकडे असं बघतो ना, कुठल्याही बापाला ओळखू येईल ते बघणं.

ध्वनिवेडा

'बिटवीन टू पॉइंट्स'बद्दल माहिती : हे त्यांचं स्वतःचं गाणं नाही. द माँटगोल्फिअर ब्रदर्स म्हणून एक ब्रिटिश जोडगोळी होती, त्यांचं १९९९ चं गाणं. फारसं कोणाला माहीत नव्हतं. गिल्मोरला ते इतकी वर्षं आवडत होतं की ते गाजलेलंच असणार असं तो समजून चालला होता. मग त्याच्या लक्षात आलं की आपल्या आवाजात हे बसत नाही, मुलीला म्हणाला तू गाऊन बघ. आता त्या गाण्यामुळे लोक मूळ जोडगोळीपर्यंत पोचतायत. मीही तसाच पोचलो. मूळ गाणं जास्त उदास आहे, आणि शेवटचा गिटार सोलो अर्थातच त्यात नाही.

तिरकिट

बघा म्हणजे अल्बममधलं सगळ्यात चांगलं गाणं दुसर्‍याचं, आणि गायलंय दुसरीने. माझा मुद्दा मजबूत होतोय.

फेंडरबुवा

तिरकिट, मला यात उलटा मुद्दा दिसतो. स्वतःच्या सोलो अल्बममधलं कदाचित सगळ्यात चांगलं गाणं दुसर्‍याचं घ्यायचं, विशीतल्या मुलीला गायला द्यायचं आणि आपण फक्त शेवटी येऊन वाजवायचं. १९८७ सालच्या गिल्मोरने हे केलं नसतं, तेव्हा फ्लॉइडचं नाव आपल्याकडेच राहिलं पाहिजे यासाठी वॉटर्सशी भांडण चालू होतं.

खारघर_एक्सप्रेस

वॉटर्सचं नाव निघालं, आता पॉपकॉर्न घेऊन बसतो.

नेरूळकर

वॉटर्सला नावं ठेवू नका. २००७ च्या फेब्रुवारीत बीकेसीला एमएमआरडीए मैदानावर तो आला होता, अख्खा 'डार्क साइड' वाजवला. आमचा अख्खा ग्रुप गेला होता, कोणी पुण्याहून, कोणी नाशिकहून, एक जण तर परीक्षा बुडवून. गिल्मोर कुठे आला इकडे? या वेळचा दौरा म्हणजे ब्रायटनला सरावाचे कार्यक्रम, मग रोम, लंडन, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, संपलं. मुंबईच्या पब्लिकला फ्लॉइड दाखवला तो वॉटर्सने.

खारघर_एक्सप्रेस

मी पण होतो नेरूळकर! प्रकाशाची प्रिझम आली तेव्हा मागून एक काका ओरडले होते "गणपती बाप्पा मोरया", आठवतंय का?

नेरूळकर

नाही आठवत पण खरं असणार, आपलंच पब्लिक ते.

सदाशिव_पेठी

त्या कॉन्सर्टला गिल्मोरचे सोलो वाजवायला वॉटर्सला डेव्ह किल्मिन्स्टर आणि स्नोई व्हाइट अशी दोन माणसं लागली होती हे लक्षात घ्या. आणि २०२३ मध्ये वॉटर्सने 'डार्क साइड' पुन्हा केला तेव्हा त्यातून गिटार सोलो काढूनच टाकले. म्हणजे बघा, एक म्हातारा सोलो काढून टाकतो, दुसरा म्हातारा कोणीतरी विचारलं म्हणून सोलो कुठे ठेवायचा याचा विचार करतो. दोघांचं एकमेकांशिवाय अडतं आणि दोघं ते मान्य करणार नाहीत. त्यांच्या राजकारणाच्या भांडणावर मात्र इथे नको, तो वेगळा धागा काढा कोणीतरी.

कोमल_गंधार

मी शास्त्रीयवाली आहे, सतार शिकते, रॉक फारसं ऐकत नाही. हा धागा वाचून काल अल्बम लावला. दोन गोष्टी लिहायच्या आहेत.

एक, हा माणूस वाजवतो ते मला ओळखीचं वाटलं आणि का ते शोधायला मी बराच वेळ घालवला. सतारीवर आपण तार पडद्यावरून बाजूला खेचून मींड घेतो, स्वर न तोडता वरच्या स्वरापर्यंत जातो. गिटारवर हा तेच करतो, तार ढकलतो. पण बहुतेक गिटारवाले तार ढकलून एकदम वरच्या स्वरावर जाऊन बसतात. हा जाता जाता वाटेत थांबतो. स्वराच्या किंचित खाली राहतो, ऐकणार्‍याला जरा ताटकळवतो, मग पोचतो. आणि पोचल्यावर लगेच हलवत नाही, आधी स्वर स्थिर लावतो आणि मग आंदोलन. आमचे गुरुजी याच एका गोष्टीवरून महिनोन्महिने रागवत असतात.

दोन, आवाजाबद्दल. तिरकिट म्हणतात आवाज बारीक झाला. पण आपल्याकडे म्हातारपणीच्या आवाजाला आपण असं मोजतो का? मल्लिकार्जुन मन्सूरांचं सत्तरीनंतरचं गाणं ऐकायला लोक जिवाचा आटापिटा करायचे, त्यांची खरी कीर्तीच उतारवयात पसरली. श्वास कमी पडत असेल, पण काय गायचं नाही हे त्यांना कळलेलं होतं. रॉकमधे मात्र गायक पंचविशीतच अडकलेला लागतो सगळ्यांना, हे मला विचित्र वाटतं.

फेंडरबुवा

गंधारताई, मानलं! स्वराच्या खाली थांबणं हे अगदी नेमकं पकडलंत. त्यात तो ट्रेमोलो बारने (गिटारला लावलेला तारा ढिल्या-ताठ करणारा दांडा) स्वर हलवतो, बोटाने कमी, म्हणून ते आंदोलन इतकं सावकाश आणि एकसारखं येतं.

तिरकिट

कोमल गंधार, मन्सूरांचं उदाहरण जोरदार आहे पण पूर्ण पटलं नाही. ख्यालाची घडणच अशी आहे की वयाबरोबर खोल जाता येतं, रोज नवीन मांडायचं असतं. रॉकचं गाणं बांधलेलं असतं, त्यात गायकाला एका ठराविक जागी ठराविक ताकद लागतेच. 'कम्फर्टेबली नम्ब' गाताना तुम्ही विलंबित करू शकत नाही. म्हणून तर नवीन गाणी आवाजाला झेपतील अशी लिहावी लागतात आणि म्हणून ती सगळी त्याच एका लयीत जातात. त्याचा दोष नाही हा, पण ऐकणार्‍याने म्हणू नये का?

कोमल_गंधार

म्हणावं की. हा मुद्दा चांगला आहे, यावर विचार करते.

बंडूकाका

गंधारताई, गिटार आणि मींड यावरून आठवलं. ब्रिजभूषण काब्रांनी हवाईयन गिटारवर राग वाजवले, 'कॉल ऑफ द व्हॅली' रेकॉर्डमध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर तेच आहेत. ती १९६० च्या दशकातली रेकॉर्ड. आमच्या घरी ती रोज सकाळी लागायची आणि रात्री मी पिंक फ्लॉइड लावायचो, वडिलांना दोन्हींत फरक फार वाटत नसे, म्हणायचे दोन्ही सावकाश आहे, वाजू दे. गिल्मोर स्वतःही मांडीवर आडवी ठेवून लॅप स्टील वाजवतो, 'हाय होप्स'चा शेवटचा सोलो तोच.

खारघर_एक्सप्रेस

काकांचे वडील भारी होते. आमच्याकडे फ्लॉइड लावला की आई विचारायची टेप अडकली का.

गिटार_शिकाऊ

नवीन आहे इथे. मी दादरला क्लासला जातो, दीड वर्ष झालं. मला त्याचा टोन काढायचाय. बिग मफ पेडल (गिटारचा आवाज फाटका, जाड करणारं) घेऊ का? बजेट कमी आहे. ब्लॅक स्ट्रॅटची कॉपी मिळते का?

फेंडरबुवा

शिकाऊ, पेडल घे पण आधी हे ऐक. त्याची ती खरी काळी स्ट्रॅटोकास्टर, १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनीज दुकानातून घेतलेली, जिच्यावर 'कम्फर्टेबली नम्ब' वाजलंय, ती त्याने २०१९ च्या जूनमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात विकली. ३९ लाख ७५ हजार डॉलर. तिच्याबरोबर आणखी शंभरावर गिटार्स, एकूण दोन कोटी डॉलरच्या वर गेले आणि ते सगळे क्लायंटअर्थ नावाच्या पर्यावरणासाठी कोर्टात लढणार्‍या संस्थेला दिले. म्हणजे 'लक अँड स्ट्रेंज' ती गिटार हातातून गेल्यावर केलेला अल्बम आहे. आता तू 'द पायपर्स कॉल'चा शेवट ऐक आणि मला सांग कुठे काही कमी वाटतंय का. टोन आधी बोटात बसतो. तुझ्याकडे आत्ता जी आहे त्याच गिटारवर एक स्वर खेच आणि तो वरच्या स्वराला बरोबर लागतोय का ते ट्यूनर लावून बघ. रोज. महिन्याभराने पेडलचं विचार.

ध्वनिवेडा

बुवांशी सहमत, एक भर. मफच्या आधी डिले (वाजवलेलं जरा वेळाने परत ऐकवणारं पेडल) घे. त्याचा आवाज मोठा वाटतो तो बर्‍यापैकी डिलेमुळे, जुन्या काळी बिन्सन इकोरेक हे प्रतिध्वनीचं यंत्र वापरायचा, आता डिजिटल. रिपीट कमी ठेव, आवाज खाली ठेव, म्हणजे तुला ऐकू येता कामा नये पण बंद केलं की कमतरता जाणवली पाहिजे. मफ स्वस्त अँपवर घरात लावलास तर शेजारचे येतील.

गिटार_शिकाऊ

धन्यवाद दादा लोक. ट्यूनर लावून बघितलं. कुठलाच स्वर लागत नाहीये 😭

कोमल_गंधार

लागेल. चालू ठेव.

मिनीमाऊ

मी आता सगळा अल्बम ऐकला, रात्री, लाइट बंद करून. मूळ नऊ गाणी मिळून फक्त ४३ मिनिटं आहेत हे फार आवडलं, हल्ली अल्बम संपतच नाहीत. 'द पायपर्स कॉल' युकुलेलेने सुरू होतं ते गोड आहे आणि मग कुठे जाऊन पोचतं! 'सिंग्ज'मध्ये त्याच्या मुलाचा लहानपणचा आवाज आहे ना? बाबा गा असं काहीतरी म्हणतोय?

ध्वनिवेडा

हो, मुलगा जो, अगदी लहान असतानाचं घरचं जुनं रेकॉर्डिंग. मुळात डेमोच्या वेळी तो तिथे होता म्हणून आला तो आवाज, पुढे गाणंच त्याच्याभोवती उभं राहिलं. सगळं घरच आहे या अल्बममधे. बायको लिहिते, रोमनी गाते, 'स्कॅटर्ड'च्या शब्दांत मुलगा चार्लीचाही हात आहे. लॉकडाऊनमध्ये हे कुटुंब घरातून थेट प्रक्षेपण करायचं, पॉलीच्या कादंबरीच्या निमित्ताने सुरू झालं होतं, तिथे बापलेकीचे आवाज एकत्र किती छान लागतात ते लोकांनी पहिल्यांदा ऐकलं.

सदाशिव_पेठी

इतकी चर्चा झाली आणि फ्लॉइडच्या कीबोर्डवाल्या रिचर्ड राइटचं नाव कोणी घेतलं नाही, कमाल आहे. शीर्षकगीत हे मुळात २००७ मधलं आहे! 'ऑन अ‍ॅन आयलंड'चा दौरा संपल्यावर गिल्मोरच्या घराजवळच्या धान्याच्या कोठारात चौघं वाजवत बसले, गिल्मोर, राइट, गाय प्रॅट बासवर, स्टीव्ह डिस्टॅनिस्लाओ ड्रम्सवर. रेकॉर्ड करून ठेवलं. २००८ च्या सप्टेंबरमध्ये राइट कॅन्सरने गेला. मग इतक्या वर्षांनी गिल्मोरने ते रेकॉर्डिंग काढून त्यावर गाणं बांधलं. म्हणजे गाण्यात तुम्ही जो इलेक्ट्रिक पियानो आणि हॅमंड ऑर्गन ऐकताय तो माणूस अल्बम यायच्या सोळा वर्षं आधी गेलाय. बोनसमध्ये मूळ जॅम जवळजवळ चौदा मिनिटांचा दिलाय, तो कृपा करून सोडू नका.

मी फ्लॉइड ऐकायला लागलो तो राइटमुळे. सगळे वॉटर्स की गिल्मोर यावर भांडतात आणि हा मनुष्य शांतपणे मागे बसून सगळ्या गाण्यांना हवा पुरवत असतो. 'द वॉल'च्या वेळी त्याला बँडमधून बाहेर काढलं होतं हे विसरू नका. म्हणून त्याचं नाव या अल्बमवर बघून मला खूप बरं वाटलं.

नेरूळकर

हे माहीत नव्हतं. तो जॅम आत्ता लावला. गिटार काहीतरी म्हणते, राइट थांबतो, आणि मग तो जे उत्तर देतो ना... दोघांना एकमेकांचं पुढचं वाक्य माहीत आहे. वॉटर्सवाला असून लिहितोय हे.

बंडूकाका

मलाही तिथेच थांबायला होतं. आधी तो राइटसाठी गाणी करत होता, २०१४ चा 'द एंडलेस रिव्हर' त्याच्याच जुन्या वाजवण्यावर उभा आहे, २०१५ च्या अल्बममध्ये 'अ बोट लाइज वेटिंग' त्याच्या आठवणीत. ती श्रद्धांजली होती. इथे त्याने मित्राला परत कामाला लावलं आहे. नवीन ड्रमर, नवीन प्रोड्यूसर, लेक, आणि मधे राइट, तोही बँडमधलाच एक.

तिरकिट

मंडळी, काल बसून परत ऐकला, राइटचा जॅम धरून. माझं मत फारसं हललेलं नाही, 'अ सिंगल स्पार्क' मला अजूनही लांबलेलं वाटतं, आणि 'व्हिटा ब्रेव्हिस' सारखा पाऊण मिनिटाचा तुकडा कशाला ते कळत नाही. पण बुवांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर देतो. फ्लॉइड बाजूला ठेवून हा अल्बम ऐकता येत नाही आणि ठेवायची गरजही नाही, कारण त्यानेच तो बाजूला ठेवलेला नाही, तो मित्राला घेऊन आलाय. १९७३ नंतरचं सगळ्यात चांगलं काम? नाही. 'विश यू वेअर हिअर'ला हात लावू देणार नाही मी कोणाला. सोलो अल्बमांत पहिला? हो, 'ऑन अ‍ॅन आयलंड'पेक्षा थोडा वर, एवढं देतो.

फेंडरबुवा

तिरकिट, एवढं पुष्कळ झालं. आणि तो १९७३ म्हणतो त्याचा अर्थ आता इथलं वाचून मला असा लागतो की तेव्हा चौघंही एकाच गोष्टीकडे बघून काम करत होते, कोणाचा हिस्सा किती हा हिशोब नंतर सुरू झाला. तसं परत घडलं ते या वेळी, बायकोमुलांबरोबर आणि एका परक्या पोराबरोबर. म्हणजे तो अल्बमची तुलना करत नसेल, कामाच्या दिवसांची करत असेल.

लंडनची_मावशी

हे मला पटतं. स्टेजवर तसंच दिसत होतं.

ध्वनिवेडा

ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला होता हेही नोंदवून ठेवतो. २००६, २०१५ आणि हा, तीन सोलो अल्बम लागोपाठ पहिले. रोमच्या सर्कस मॅक्सिमसची फिल्म सप्टेंबर २०२५ मध्ये थिएटरात आली, आणि ऑक्टोबरमध्ये 'द लक अँड स्ट्रेंज कॉन्सर्ट्स' हा लाइव्ह अल्बम. लाइव्हमधे 'स्कॅटर्ड' ऐकाच.

खारघर_एक्सप्रेस

एलपी कोणी घेतली का? आयात केलेली घ्यायची तर खिशाला चांगलीच चाट बसतेय. कव्हर अँटन कॉर्बिनच्या फोटोचं आहे त्यामुळे मोह होतोय.

सदाशिव_पेठी

घेतली. मोठ्या आकारात कव्हर सुंदर दिसतं. पण घेण्याआधी यादी तपासा, बोनसचा तो जॅम सगळ्या आवृत्त्यांत नाही. जॅमसाठी घेणार असाल तर सीडी बघा, ती स्वस्तही पडते.

गिटार_शिकाऊ

एक स्वर लागला!! बी स्ट्रिंग, दहाव्या फ्रेटवरून पूर्ण एक स्वर वर. ट्यूनर हिरवा झाला. आता 'स्कॅटर्ड'चं टॅब (कुठली तार, कुठला फ्रेट ते लिहिलेलं) आहे का कोणाकडे?

फेंडरबुवा

शाब्बास रे. टॅब नको, कानाने काढ. अकूस्टिकवाल्या भागापासून सुरू कर, गाणं पाऊण वेगाने लाव आणि पहिल्या दोनच ओळी घे. अडलास की इथे विचार.